आठ बोटं

जुन्या गाड्यांचा फोटो दिसला तरी मला आता मळमळतं. मोबाइलवर कुणी पाठवला तर मी तो पुसून टाकतो. आणि हे कोण बोलतंय, तर चौदा वर्षं गोरेगाव-सेनगाव-हिंगोली जीप चालवणारा माणूस. लहानपणी मी कॅलेंडरवरची लाल, बुटकी, बिनटपाची गाडी कापून भूगोलाच्या वहीला चिकटवली होती. गाड्यांचं वेड मला होतंच. त्या वेडापायी मी जे केलं त्याची मला शिसारी येते. ते सांगायचं तर आधी भागाबाई सांगावी लागेल.

भागाबाई आमच्या गावची मेंढरांवाली. साठी कधीच उलटली. चाळीसेक मेंढ्या, दहा-बारा शेळ्या, आणि शिवारात जमीन टीचभरही नाही. सुगी झाली की ती लोकांच्या रानात मेंढ्या बसवायला जाते. कळप शेतात मुक्कामाला ठेवायचा, शेताला खत मिळतं, हिला पोतंभर धान्य मिळतं. दाढेखाली कायम तंबाखू, पदराला मेंढरांचा वास. माझ्या जीपमध्ये चढली की लोक नाक दाबून बाजूला सरकायचे. तिच्या मांडीवर एखादं करडू असायचंच, आणि ते कुणाच्या तरी पिशवीतली कोथिंबीर खायचंच. कुणी ओरडलं की म्हणायची, "लेकरू हाय ते. तू काय जन्मल्या जन्मल्या शहाना व्हता?"

बोलणं कमी, थुंकणं फार. समोरचा खोटं बोलतोय असं वाटलं की ती त्याच्या पायापासून बरोबर हातभर अंतरावर पिंक टाकायची. पायावर कधी नाही. गावात कित्येकांना तिने असं हातभर अंतरावर ठेवलं होतं, त्यात दोन माजी सरपंच आणि खुद्द तिचा भाऊ. मी चौदा वर्षांत एकदाही त्या यादीत गेलो नव्हतो, आणि ते मी मोठेपणाने सांगायचो.

गावाखाली रस्ता वळतो. एका अंगाला टेकाड, दुसऱ्या अंगाला शाळा, आणि टेकाडामुळे समोरून येणारं काही दिसत नाही. नऊ वर्षांपूर्वी त्या वळणावर एका टिपरने सीमाला उडवलं. सीमा म्हणजे भागाबाईची नात, आईवेगळी, हिनेच वाढवलेली. तिसरीत होती. शाळा सुटल्यावर आजीच्या मेंढरांकडे पळत निघाली होती. टिपर थांबला नाही, आणि तो कुणाचा होता तेही शेवटपर्यंत कळलं नाही.

भागाबाईने त्यानंतर एकच मागणी लावून धरली. वळणावर ब्रेकर घाला. दोन वर्षं ती कचेऱ्या हिंडली. प्रत्येक टेबलावर तिला सांगितलं की हे काम दुसऱ्या टेबलाचं आहे. मग तिने विचारणं सोडलं आणि घमेलं उचललं. दिवस मावळायच्या आत मेंढरं कोंडून टेकाडावरचा मुरूम आणायची, रस्त्यावर आडवा टाकायची, पाणी मारून पायांनी तुडवायची. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गाड्या तो पसरून टाकायच्या. संध्याकाळी ही परत घमेलं घेऊन हजर. असं तिने सात-आठ महिने केलं. लोक हसले, मग हसायचे थांबले. माझ्या जीपच्या स्प्रिंगचा पाटा तिथे दोनदा तुटला, आणि मी तिला आयमायवरून शिव्या दिल्या आहेत, हेही लिहून ठेवतो.

पुढे रस्त्याचं डांबरीकरण निघालं. कामाचे लोक वळणावर आले तेव्हा ही त्या मुरमावर उभी राहिली आणि हलेना. रोलरवाला वैतागला. शेवटी मुकादम म्हणाला, जाऊ द्या, आहे त्यावरूनच घ्या. अशा रीतीने तो पक्का झाला. मधे फुगलेला, एका बाजूला तिरका, सरकारी मापात कुठेच न बसणारा. पण तेव्हापासून त्या वळणावर कुणी मेलं नाही. कोंबडीसुद्धा मेली नाही.

गावाने त्याला नाव दिलं 'भागाबाईचा बांध'. आधी चेष्टेने दिलं, मग तेच पडलं. आमच्याकडे बांध हा काही साधा शब्द नाही. सख्खे भाऊ वीस वर्षं एकमेकांचं तोंड बघत नाहीत ते बांधापायी. नांगराच्या तासागणिक शेजाऱ्याचा बांध खात जायचं, याला बांध कोरणं म्हणतात, आणि चोरापेक्षा बांध कोरणाऱ्याला गाव जास्त ओळखून असतं. ज्या बाईला जमीन नाही तिच्या नावाने डांबरी रस्त्यावर एक बांध होता. दर दिवाळीला ती त्याला चुन्याचे पट्टे ओढायची. लोक मला सांगायचे, "परमेश्वर, भागाबाईच्या बांधापाशी उतरव." आणि मी उतरवायचो.

गेल्या दसऱ्यानंतर शहरातून प्रियदर्शनी मॅडम आल्या. जुन्या स्पोर्ट्स गाड्या बाळगणाऱ्या लोकांचा एक क्लब आहे, त्याच्या त्या रस्ते ठरवणाऱ्या. ही मंडळी वर्षातून एकदा लांबचा पल्ला मारून कुठेतरी आडबाजूला जमतात. त्या जमण्याला ते 'मीट' म्हणतात. मी हे भागाबाईला सांगितलं तेव्हा तिला वाटलं मटणाची पंगत असेल, आणि तिने दोन बोकडांचा भाव माझ्याजवळ बोलून ठेवला. यंदाची मीट सिद्धेश्वर धरणाच्या काठावर होती, दिवाळीच्या सुट्टीत. नागपूरहून निघायचं आणि रिसोडवरून आमच्या रस्त्याने खाली उतरायचं.

"जिथे कुणीच जात नाही तिथे जायचं, हीच तर गंमत," मॅडम म्हणाल्या.

आम्ही तिथे रोज जातो, हे मी म्हणायला पाहिजे होतं. मी हसलो.

चार दिवस मी त्यांना रस्ता दाखवत फिरलो. त्या प्रत्येक गोष्ट टिपून घ्यायच्या. कोणत्या ढाब्यावर बसायचा संडास आहे. कुठे लोक सोयाबीनचं काड रस्त्यावर पसरतात. कुठल्या गावात पोरं गाडीला हात लावतात. "हात लावतात," हे सांगताना त्यांनी खांदे असे आखडले की जणू आमची पोरं शेणात हात बुडवूनच हिंडतात. मीही मान डोलवली, "हो मॅडम, लावतात." माझी दोन्ही पोरं त्याच गावातली.

सगळ्यात मोठं काम ब्रेकरचं होतं. त्या गाड्यांचं पोट रस्त्यापासून पाच बोटांवर. त्याहून उंच काही आलं की खालून घासतं. मॅडमकडे मोजायचं यंत्र होतं, पण उन्हात त्याचा लाल ठिपकाच दिसेना. मग मी हात लावला. आम्ही असंच मोजतो. पंजा करंगळीवर टेकून आडवा धरायचा, चार बोटं. त्यावर दुसरा पंजा. रिसोडपासून धरणापर्यंत त्रेसष्ट ब्रेकर मी असे वाकून वाकून मोजले आणि ओरडून सांगितले, आणि त्या टॅबवर ठिपके देत गेल्या. तीन बोटं, हिरवा. पाच बोटं, पिवळा.

आमच्या वळणावर मी वाकलो. "भागाबाईचा बांध. आठ बोटं."

"बांध? म्हणजे इथेही डॅम आहे?" त्या खूश होऊन इकडे तिकडे पाहायला लागल्या.

"न्हाई मॅडम. ह्योच."

त्यांनी लाल ठिपका दिला. अख्ख्या रस्त्यावर तो एकच लाल होता. "हे कुणी केलंय? कसल्याच नियमात बसत नाही हे," त्या म्हणाल्या.

ही ती वेळ होती. शाळा समोर होती. सीमा कुठे पडली होती ते दगड मला माहीत होते. तिला उचलून जीपमध्ये घातलं ते मीच. पण त्याच्या आधी पाचच मिनिटं मॅडमनी मला टॅबवर एक गाडी दाखवली होती. लाल, बुटकी, दोन माणसांची. माझ्या वहीवरचीच. "मीटच्या दिवशी तुम्हाला हिच्यातून फिरवते," असं त्या म्हणाल्या होत्या.

"गावानं केलंय कुणीतरी," मी म्हणालो.

बस. एवढंच मी केलं. कुणाचा खून केला नाही की घर फोडलं नाही. पण आठवलं की तोंड कडू होतं.

पुढचं सरपंच किसनरावांनी केलं. मॅडमनी त्यांना चहा पिता पिता सांगितलं की हा एक ब्रेकर सोडला तर रस्ता उत्तम आहे, नाहीतर क्लब दुसऱ्या रस्त्याने जाईल. किसनराव लगेच मोठे झाले. त्यांना गावात कमान दिसायला लागली, पाहुणे दिसायला लागले, पेपरात फोटो दिसायला लागला. भागाबाई तेव्हा पुसेगावच्या शिवारात मेंढ्या बसवायला गेली होती, आठ दिवस येणार नव्हती. त्यांनी तेच आठ दिवस निवडले. कुणीतरी शाळेचं नाव काढलं तर म्हणाले, "सुट्ट्या हायेत ना शाळेला? कोन मरून राहिलं तिथं पंधरा दिवसांत? मीट झाली की दुसऱ्या दिशी बसवून देतो."

जेसीबीला दहा मिनिटं लागली. वर डांबराचा पातळ हात फिरवला. मी पाहत होतो आणि जीप पुसत होतो.

भागाबाई परतली ती कळप घेऊन थेट वळणावर. मेंढरं सवयीने तिथे थबकली, मग रस्ता सपाट लागल्यावर गोंधळून एकमेकांवर चढली. ती खाली बसली, हाताने रस्ता चाचपला. मग जीप थांबवून पाहत असलेल्या माझ्याकडे वळून म्हणाली, "परमेसर, माहा बांध कोनं कोरला रे?"

"किसनरावानं," मी म्हणालो. खोटं नव्हतं. ती थुंकली नाही.

किसनरावांनी तिला तेच सांगितलं, मीटनंतर बघू. त्यांच्या पायापासून हातभर अंतरावर पिंक पडली आणि ती माझ्या जीपमध्ये येऊन बसली. "कचेरीत चाल. अर्ज लिव्ह."

अर्ज मीच लिहिला. ती सांगत होती, मी लिहीत होतो. 'माझा बांध कोरला आहे, तो शाळा उघडायच्या आत परत घालून मिळावा.' गतिरोधक हा शब्द मला येतो. तो लिहिला असता तर कागद बरोबर टेबलावर गेला असता, आणि हे कुणाच्या सांगण्यावरून काढलं असं विचारत विचारत तो माझ्या त्रेसष्ट ठिपक्यांपर्यंत आला असता. म्हणून मी तिचाच शब्द ठेवला. म्हटलं, म्हातारी म्हणते तसं लिहावं. माणूस स्वतःला काय काय सांगतो!

बांधाच्या भांडणात कुऱ्हाडी निघतात, त्यामुळे असे अर्ज लवकर हलतात. चौथ्या दिवशी तलाठी टेप घेऊन हजर. "गट नंबर सांगा."

"रोड हाय बापा त्यो. रोडाला कुठला गट?"

"मग सातबारा दाखवा. शेजारी कोण? कुणाच्या बाजूनं कोरला?"

तिने दोन्ही हात रस्त्याच्या दोन्ही दिशांना केले. तलाठ्याने माझ्याकडे पाहून डोळा मारला. त्याला वाटलं म्हातारीचं डोकं फिरलंय, आणि मी त्याला ते वाटू दिलं. पंचनाम्यात त्याने लिहिलं, अर्जदाराच्या नावे क्षेत्र नाही, सबब बांध नाही, अर्ज निकाली. भागाबाईने तो कागद मला वाचायला लावला. दोनदा. मग घडी घालून कमरेच्या पिशवीत तंबाखूशेजारी ठेवला.

मीटचा दिवस उजाडला. गावात सकाळी आठपासून माणसं जमली. किसनरावांनी फेटा बांधला होता, हार आणले होते. सतरा गाड्या आल्या, आणि खोटं कशाला बोलू, आवाज ऐकून माझ्या अंगावर काटा आला. पिवळी, हिरवी, रुपेरी, आणि ती लाल. वळणावरून त्या अशा गेल्या की टेकाडावरची धूळ खाली आली. वर एक ड्रोन भुणभुणत होता. मग सगळ्या शाळेच्या पटांगणात थांबल्या, कारण मॅडमना तिथे चरणाऱ्या भागाबाईच्या मेंढरांसोबत फोटो पाहिजे होते.

जवळून पाहिलं आणि मला ओकारी यायला लागली. गाड्यांची नव्हे, माणसांची. एक जण हार घालणाऱ्या किसनरावांना "बस बस, पेंट, पेंट" म्हणत कोपराने मागे ढकलत होता आणि किसनराव हसत होते. एक बाई नाकाला रुमाल लावून भागाबाईला खुणेने सांगत होती, कोकरू उचल, इकडे बघ, हस. पोरांनी दोरीच्या मागे उभं राहायचं असं ठरलं होतं. दोरी गावानेच बांधली होती. आपल्याच शाळेच्या पटांगणात आपल्याच पोरांना!

मॅडमनी शब्द पाळला. मला लाल गाडीपाशी नेलं. मालकाने दार उघडलं आणि थांबला, मागून एक टॉवेल आणला, शिटावर अंथरला आणि मग म्हणाला, "बसा." मी बसलो. त्या टॉवेलवर बसलो. इंजिन बंद होतं. मॅडम म्हणाल्या, फिरवायला वेळ नाही, फोटो तर घेऊ. फोटो निघाला. त्यात मी हसतोय.

उतरलो तेव्हा त्यांच्यामागून येणारा सामानाचा ट्रक उघडा होता. आत लाकडाच्या चार लांब, उतरत्या फळ्या होत्या, वरून रबर मारलेल्या.

"हे काय मॅडम?"

"रॅम्प. उंच ब्रेकर आला की दोन्ही बाजूंनी लावायचे, गाडी अलगद वरून जाते. प्रत्येक लाँग ड्राइव्हला बरोबर असतातच."

"मग आमचा ब्रेकर काहून काढला?"

"अहो, एका गाडीला तीन मिनिटं लागतात. सतरा गाड्या. सगळी लय बिघडते, व्हिडिओची पण." त्या घड्याळ बघत म्हणाल्या.

भागाबाई माझ्या मागेच उभी होती, कोकरू काखेत धरून. तिने फळ्या पाहिल्या, आणि शहरातली बोली तिला कळत नसली तरी हे सगळं कळलं. "तिला मालूम हाय का, सीमाचं?" तिने विचारलं. मॅडमना नाही, मला.

मी फळ्यांकडे पाहत राहिलो.

"तूच हात लावून मोजलं म्हनं. पोरं सांगत व्हते. तवा सांगलं न्हाई?"

"ध्यानात नाही आलं, माय," मी म्हणालो.

पिंक पडली. हातभर अंतरावर नाही. माझ्या उजव्या पायावर, चपलेच्या पट्ट्यातून आत. गरम होती. ती कोकरू घेऊन निघून गेली, आणि त्या फोटोवाल्या बाईने "ईऽऽ" केलं. माझ्याकडे पाहून केलं, आणि बरोबर केलं.

गाड्या गेल्या. पटांगणात पाण्याच्या बाटल्या, टिशूचे गोळे आणि तेलाचा एक डाग राहिला. दुसऱ्या दिवशी किसनराव म्हणाले, वरून परवानगी लागते. काढायला नव्हती लागली का, विचारलं तर म्हणाले, काढणं वेगळं, बसवणं वेगळं. त्यानंतर ते फोन उचलेनात. शाळा सोमवारी उघडणार होती.

शनिवारी दिवस कलायच्या सुमाराला मी हिंगोलीहून रिकामा येत होतो. वळणावर भागाबाई. डोक्यावर घमेलं, पायांत काही नाही. रस्त्यावर मुरमाची आडवी ओळ पडली होती, दोन बोटांचीही नसेल. सात वर्षांपूर्वी ती हे करत होती तेव्हा ताठ चालायची. आता घमेलं उतरवताना तिला गुडघा टेकावा लागत होता.

मी जीप आडवी लावली, उतरलो, घमेल्याला हात घातला. तिने ते ओढून घेतलं. "ठिव खाली. तुहा बांध न्हाई ह्यो."

मी उभा राहिलो. ती टेकाडावर गेली, आली, ओतलं, तुडवलं. पुन्हा गेली. मी जीपमधली कॅन काढून मुरमावर पाणी मारलं, ते तिने मारू दिलं. पाच खेपा झाल्या, सात झाल्या. मग ती कंबर धरून थांबली आणि पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"मोज," म्हणाली.

मला आधी कळलंच नाही.

"त्या बाईला मोजून देल्लं ना बराबर? मला बी दे. वाक."

मी वाकलो. रस्त्याला गुडघे लावले. एक पंजा आडवा धरला, त्यावर दुसरा. ओल्या मुरमाचा वास येत होता. दुसऱ्या पंजाची दोन बोटं वर, मोकळ्या हवेत राहिली.

"सहा," मी म्हणालो. "दोन बोटं कमी हाय, माय."

तिने घमेलं उचललं आणि ती पुन्हा टेकाडाकडे चालायला लागली.